वाचकांचे सवाल: डच शिकायची का फ्लेमिश, आणि बिअरमध्ये धने कशाला?

प्रश्न: पोरगी सप्टेंबरात बेल्जियमला, ल्यूवेनला मास्टर्सला चाललीय. मोबाइलवर डच शिकतेय, पण माझे दीर म्हणतात तिकडं फ्लेमिश बोलतात, डच शिकून काही उपयोग नाही. खरं काय? (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर: ताई, दिरांना एक कप चहा पाजा आणि सांगा की पोरगी बरोबर शिकतेय. बेल्जियमचा वरचा भाग म्हणजे फ्लांडर्स, ल्यूवेन त्यातच, तिथल्या डचलाच लोक फ्लेमिश म्हणतात; तिथली सरकारी भाषा डचच, शुद्धलेखन पण नेदरलँड्सवाल्यांचंच, त्यासाठी 1980 मध्ये दोन्ही देशांनी करार करून एक संस्था काढलीय. आपण सोलापुरात 'काय बे, कुठं निघालास' म्हणतो आणि पुण्याचा माणूस वळून बघतो, तरी दोघांचं दहावीचं मराठीचं पुस्तक एकच की, तसंच आहे ते.

फरक कानाला लगेच कळतो. नेदरलँड्सचा माणूस 'ग' म्हणताना घसा खाकरल्यासारखा आवाज काढतो, फ्लांडर्सचा तोच आवाज मऊ काढतो. 'तू'ला नेदरलँड्समध्ये 'येइ', फ्लांडर्समध्ये घरात-बाजारात 'खेइ' नाहीतर नुसतं 'ख'. आणि शब्द! मी रेपियर लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या मशीनच्या ट्रेनिंगला फ्लांडर्समधल्या ईपर गावात सहा आठवडे होतो, हॉलंडी पुस्तकावरून डच घोकून गेलेलो. एकदा संध्याकाळी बस सुटत होती, बरोबरचा फिटर ओरडला, 'लोप! लोप!' पुस्तकात 'लोपन' म्हणजे चालणं लिहिलेलं, म्हणून मी आपला हात खिशात घालून निवांत चालत राहिलो, आणि फ्लांडर्समध्ये 'लोपन' म्हणजे पळणं असतं. बस खरोखरच लोप पावली. पुढची पाऊण तासानं होती आणि वरून पाऊस.

ईपर पडतं वेस्ट फ्लांडर्समध्ये, तिथली बोली तर अजून वेगळी, 'ग'चा 'ह' करतात, गेंट शहराला हेंट म्हणतात. तिथला माणूस बोलीत बोलला की बेल्जियमच्याच टीव्हीवर खाली सबटायटल देतात, मग तुमच्या पोरीला पहिल्या महिन्यात काही कळलं नाही तर तिनं रडू नये.

आकडे मात्र आपल्याला सोपे जातात. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच घेतो मग वीस, तेही तसंच, 'पाच आणि वीस'. इंग्रजीवाल्यांना हे अवघड जातं, आपल्याला नाही.

प्रश्न: माझा जावई दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला आहे, आफ्रिकान्स थोडी बोलतो. त्याचं बेल्जियममध्ये भागेल का? (एक वाचक, नवी पेठ)

उत्तर: समोरचा हळू बोलला तर बरंचसं भागेल. पण आफ्रिकान्स डचमधूनच निघालेली असली तरी आता स्वतंत्र भाषा, बोली नाही. 1652 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीनं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपला तळ टाकला, तिथं डच लोक, तिथले मूळचे खोईखोई लोक, इंडोनेशिया-मलायाकडून आणि आपल्या हिंदुस्थानातूनही गुलाम करून नेलेली माणसं, सगळ्यांच्या तोंडातून घासून घासून ती तयार झाली आणि 1925 ला तिला सरकारी दर्जा मिळाला. म्हणून केळं डचमध्ये 'बनान', आफ्रिकान्समध्ये 'पिसांग', हा सरळ मलायचा शब्द. आपल्याकडं तंजावरला साडेतीनशे वर्षांपूर्वी गेलेली मराठी आठवा, मूळ घर सुटलं की बोलणं आपल्या वाटेनं जातं.

व्याकरण तर एवढं हलकं झालंय की आपल्याला हेवा वाटावा. आपण मी आहे, तू आहेस, आम्ही आहोत, डचवाले पण 'बेन, बेन्त, झेइन' करतात, आफ्रिकान्समध्ये सगळ्यांना एकच 'इस'. डचमध्ये नामाला 'द' लावायचं का 'हेत' हे पाठ करावं लागतं, इथं सगळ्याला 'दी', विषय संपला. उलट नकार डबल. 'एक प्राट नी आफ्रिकान्स नी', म्हणजे 'मी बोलत नाही आफ्रिकान्स नाही'. जावयाला एवढं सांगा, 'आम्पर' शब्द जपून वापर, त्याच्याकडं तो 'जवळजवळ', डचमध्ये 'जेमतेम'.

प्रश्न: बेल्जियमच्या बिअरमध्ये धने घालतात हे खरं का? मित्र फेकतोय असं वाटतंय. (एक वाचक, सात रस्ता)

उत्तर: मित्र खरं बोलतोय. हूगार्डन गावची गव्हाची पांढरी बिअर, तिच्यात धने आणि संत्र्याची वाळवलेली साल असते. ती बिअर पार बंद पडली होती, 1960 च्या दशकात गावातल्याच पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं परत चालू केली. त्याहून गंमत लाम्बिकची. ब्रुसेल्सच्या आसपास थंडीच्या दिवसांत उकळलेलं पाणी-धान्य उघड्या पसरट भांड्यात रात्रभर ठेवतात आणि हवेतलं यीस्टच त्यात पडतं, वरून काही घालत नाहीत, आपलं इडलीचं पीठ रात्रीत फुगतं तसलाच प्रकार, फक्त मग लाकडी पिंपात वर्ष-दोन-तीन वर्षं. चव आंबट, पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं होतं.

ड्यूव्हल नावाची बिअर प्यायची असली तर नाव आधी समजून घ्या. पुस्तकी डचमध्ये सैतान म्हणजे 'डाउव्हल', हा त्याचा बोलीतला उच्चार, आणि ताकद साडेआठ टक्के, आपल्या साध्या बिअरच्या हिशेबानं दोन बाटल्या मारल्या तर कारभार आटोपला. ग्लास पण ज्याची बिअर त्याचाच लागतो. गेंटमध्ये एका पबात मोठ्या ग्लासातली बिअर मागितली की डिपॉझिट म्हणून पायातला एक बूट काढून घेतात आणि टोपलीत घालून वर छताला टांगतात, ग्लास परत दिल्यावर टोपली खाली येते. माझा मोजा त्या दिवशी अंगठ्यावर फाटका होता.