नाशिकरोडहून इस्राएलला कायमचं यायचं म्हणतेस, तर

तू लिहिलंस : वडील बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळ अलिबागकडचे, आई निफाडची, मराठा, द्राक्षबागायतदारांच्या घरातली. वाढलीस नाशिकरोडला. आता पूर्वजांच्या देशात कायमचं यायचं मनात आहे आणि विचारतेस, तिथे मला आपलं मानतील का? माझंही घर असंच. वडील बेने इस्राएल, आई पंचवटीतली हिंदू. म्हणून सविस्तर लिहिते.

इथलं सरकार मानेल. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मानणार नाहीत. हे आधीच समजून घेऊन ये, म्हणजे इथे आल्यावर जिव्हारी लागणार नाही.

ज्यूंना इस्राएलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या १९५० च्या परतीच्या कायद्यात १९७० साली दुरुस्ती झाली आणि ज्यूंच्या मुलांना, नातवंडांनाही नागरिकत्वाचा हक्क मिळाला. ज्यू आई की बाप, हे तो कायदा बघत नाही. धर्मशास्त्र मात्र आईवरून ठरवतं, त्यामुळे धर्मपीठाच्या, म्हणजे रब्बींच्या अधिकृत संस्थेच्या, लेखी तू ज्यू नाहीस. एरवी हे जाणवत नाही, लग्नाच्या वेळी आडवं येतं. इस्राएलमध्ये आपल्यासारखं रजिस्टर लग्न नाही. ज्यूंची लग्नं धर्मपीठाच्याच हातात. आपल्यासारखी कितीतरी जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि इथे त्याची नोंद करून घेतात. गियूर, म्हणजे रीतसर धर्मांतर, करून टाक असं तुला भेटेल तो सुचवेल. श्रद्धा असेल तर जरूर कर. नुसत्या सोयीसाठी करू नकोस, त्यात जगण्याची सगळी रीत बदलावी लागते.

आणि हे दुखणं फक्त मिश्र घरांचं नाही. १९६२ मध्ये इथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासा, असा आदेश काढला होता. शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना कोकणात पिढ्यान्‌पिढ्या 'शनिवार तेली' म्हणत, त्यांच्याकडे ज्यू असल्याचा पुरावा मागितला! आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली. १९६४ मध्ये संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं, तेव्हा कुठे धर्मपीठ नमलं. त्या लोकांचे माझ्यावर उपकार आहेत असं मी मानते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आल्या आल्या नागरिकत्व घेऊ नकोस. परतीच्या कायद्याखाली हक्क असलेल्यांना ए-वन नावाचा तात्पुरत्या रहिवासाचा व्हिसा मिळतो, त्यावर राहून काम करता येतं. इस्राएलला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. इथलं नागरिकत्व घेतलंस की भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल. ते पासपोर्ट तुझ्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात, तुला वेगळं काय सांगू! पुढे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, येणं-जाणं अडत नाही, पण मतदान जातं आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने येऊ शकते. निफाडच्या सातबाऱ्यावर आईचं नाव असेल, तर तो विषय मामांशी आत्ताच बोलून घे.

रोजच्या जगण्याचं थोडक्यात सांगते. आठवडा रविवारी सुरू होतो, शनिवारी बहुतेक गावांत बस नसते. उल्पानमध्ये, म्हणजे नव्याने आलेल्यांच्या भाषाशाळेत, सुमारे पाच महिने हिब्रू शिकवतात. अक्षरं घरूनच गिरवून ये. मी राहते त्या अश्दोदमध्ये गाझाकडून रॉकेट आलं तर भोंगा वाजल्यापासून ४५ सेकंदांत आत शिरायचं असतं, म्हणून घर बघताना सुरक्षित खोली आहे ना ते आधी बघ. भीती वाटते. सवय झाली तरी वाटते.

इथे तुला 'होदी' म्हणतील, म्हणजे भारतीय. नाशिकला आपण ज्यू आणि इथे भारतीय, याचा मला पहिली काही वर्षं फार त्रास झाला. मग आई इथे राहायला आली. डिमोनात एका नातेवाइकांकडे मलिदा, म्हणजे आपल्या बेने इस्राएलांचा नैवेद्याचा विधी, होता. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलदोडा, वर फळांच्या फोडी, सगळं इलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने. नारळ आईने खवला, ताटही तिनेच लावलं. तिथल्या म्हाताऱ्या बायकांनी विचारलं, "तुम्ही रेवदंड्याच्या की पेणच्या?" आई म्हणाली, "नाशिकची, पंचवटीतली." ज्यू नाही हेही तिनेच सांगितलं. त्यावर एकीने तिला पाटावर जवळ बसवून घेतलं आणि गोदेला पूर आला की रामकुंडावर पाणी कुठवर चढतं, यावर दोघी तासभर बोलल्या. मला आपलं मानणारी माणसं मिळाली ती अशी, मराठी बोलणारी. त्यांच्यासाठी डिमोना, अश्दोद, लोद, बेरशेवा इथे घर बघ. तेल अवीवच्या मागे लागू नकोस.

कागद आत्ताच जमव. वडिलांचा आणि आजोबांचा जन्मदाखला, आईवडिलांच्या लग्नाचं प्रमाणपत्र, सिनेगॉगचं पत्र, आजी-आजोबांच्या कबरींचे फोटो. एका कागदावर मोझेस आणि दुसऱ्यावर मोशे असं असेल तर ते आधी दुरुस्त करून घे, मगच ॲपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, करून घे. आणि घरी काय पाळता असं इथे येण्यासाठीच्या मुलाखतीत विचारलं, तर शुक्रवारी संध्याकाळी लावतो त्या शब्बाथच्या दिव्याबरोबर निफाडच्या गौरी-गणपतीचंही सांग. आईकडचं काही लपवू नकोस.