विंग्ज कुरकुरीत हवेत ना, मग मसाला शेवटी

तुम्ही लिहिलंय की दहा पाहुण्यांसाठी चिकन विंग्ज (कोंबडीचे पंख) करायचेत, दही, आलं-लसूण, तिखट लावून रात्रभर मुरवले, ओटीजीत म्हणजे घरातल्या छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये २०० डिग्री सेल्सिअसवर ४० मिनिटं ठेवले आणि तरी बाहेरून ओलसर, खायला वातड, वर ट्रेमध्ये वाटीभर पाणी. तापमान वाढवणं, कॉर्नफ्लॉवर लावणं, एअर फ्रायर घेणं हे सगळे उपाय ठीकच आहेत, पण मूळ भानगड त्या दह्यात आहे आणि बहुतेक तुमच्या चिकनवाल्याकडेपण आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी सांगा, विंग्जना स्किन होती का? आपल्याकडे बऱ्याच दुकानांत कोंबडीची पिसं उपटत बसत नाहीत, पिसांसकट अख्खी कातडीच ओढून काढतात, कारण ते पटकन होतं आणि रश्श्याला आपल्याला बिनकातडीचंच लागतं. रेसिपीचे अमेरिकन व्हिडिओवाले मात्र स्किन आहे हे गृहीत धरूनच चाललेले असतात, सांगतसुद्धा नाहीत. विंग्जमध्ये मांस थोडं आणि स्किन भरपूर, कुरकुरीतपणा जो काय आहे तो सगळा त्या स्किनचा. तिच्याखालची चरबी हळूहळू वितळून निघून जाते, पाणी उडतं, आणि मागे जो पातळ कोरडा पापुद्रा राहतो तोच दाताखाली वाजतो. स्किनच नसेल तर ओव्हनमध्ये उघडं मांस सुकत बसतं, मग वातड नाही होणार तर काय. तर दुकानात स्पष्ट सांगायचं की स्किनसकट पाहिजे, पिसं काढून. पिसं काढायचं मशीन असलेली दुकानं आता बरीच आहेत, नसेल तर फ्रोझन पाकीट घ्या पण त्यावर स्किन आहे की नाही ते वाचून घ्या. बारीक पिसांची मुळं राहिली असतील तर चिमट्यात धरून गॅसवर फिरवायची, जळून जातात. आणि हो, नुसतं ‘विंग्ज द्या’ म्हटलं की काही जण सवयीने लॉलीपॉपच करून देतात, कारण लॉलीपॉप म्हणजे तरी काय, पंखाचा खांद्याकडचा तुकडाच, मांस वर सरकवलेला. त्याला मैदा-कॉर्नफ्लॉवरचं कव्हर असतं म्हणून तिथे स्किन नसली तरी चालून जातं. इथे नाही चालत.

आता दही. पृष्ठभाग ओला आहे तोवर तो १०० डिग्रीच्या वर जात नाही, ओव्हन कितीवर का असेना, सगळी उष्णता पाणी उडवण्यातच जाते. खरपूस रंग आणि चव यायला १४० च्या पुढे जावं लागतं. म्हणजे दह्यात मुरवलेला विंग त्या ४० मिनिटांतला बराच वेळ वाफवला जात होता, भाजला जात नव्हता. त्यात ट्रेवर सपाट ठेवला की खालून सुटलेल्या पाण्यातच बसतो. लिंबू, व्हिनेगर, सोया सॉस यांचंही तेच. आपल्याला चिकन मुरवल्याशिवाय चैन पडत नाही हे मान्य, माझ्या घरीपण ‘नुसतं मीठ लावलंयस?’ असं विचारलं जातं, पण इथे मुरवणं उलट नडतं.

मी जे करतो ते असं. विंगचे सांध्यावर तीन तुकडे, टोकाचा बाजूला, ते टोक स्टॉकला वापरायचं. उरलेले दोन धुतले असतील तर पेपर टॉवेलने किंवा स्वच्छ सुती फडक्याने अगदी खडखडीत टिपायचे, इथे आळस केला की पुढचं सगळं वाया (फडकं लगेच गरम पाण्यात). एक किलोला एक सपाट मोठा चमचा बेकिंग पावडर, दीड छोटा चमचा मीठ, थोडी मिरपूड, बास. सगळीकडे नीट चोळून जाळीवर मोकळे मांडायचे आणि न झाकता फ्रिजमध्ये रात्रभर, निदान आठ तास, सगळ्यात खालच्या कप्प्यात म्हणजे काही गळलं तरी भाजीवर गळत नाही. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये आत पंख्याने कोरडी हवा फिरते त्यामुळे स्किन मस्त सुकते, सकाळी हात लावला तर कागदासारखी लागते. जुन्या, बर्फ साठणाऱ्या फ्रिजमध्ये थोडं कमी सुकतं, मग भाजायच्या आधी परत एकदा टिपा. फ्रोझन असतील तर आदल्या दिवशी फ्रिजमध्येच पूर्ण सुटू द्या आणि मग हे सगळं, त्यांना पाणी फार सुटतं.

बेकिंग पावडर हा कॉर्नफ्लॉवरसारखा कोटिंगचा प्रकार नाही. ती किंचित अल्कलाइन असते, त्यामुळे स्किनमधली प्रोटीन्स लवकर तुटतात आणि रंग लवकर येतो, शिवाय स्किनमधल्या ओलाव्याशी मिळून तिचे बारीक बारीक गॅसचे बुडबुडे होतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. खायचा सोडा मात्र अजिबात नको, तो कितीतरी तीव्र असतो, साबण चाटल्यासारखं लागतं.

ओटीजीत खाली ट्रे, वर जाळी, जाळीला तेलाचं बोट, तुकड्यांमध्ये अंतर. दोन्ही रॉड चालू, पंखा असेल तर तोही. आधी १२० वर अर्धा तास, ही पायरी वेळखाऊ वाटते पण चरबी इथेच वितळायला लागते, मग २२० वर ४० ते ५० मिनिटं, मध्ये एकदा उलटवून. इतका वेळ म्हणजे कोरडं होईल ही भीती ब्रेस्टला लागू आहे, विंग्जना नाही. चिकन आतून ७४ डिग्रीला गेलं की खायला सुरक्षित, पण विंग ८५-९० पर्यंत गेला तर जास्त चांगला लागतो कारण सांध्याजवळची चिवट कॉलेजेन तोवर विरघळून जिलेटिन होते आणि मांस हाडापासून सहज सुटतं. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांची फारशी मैत्री नसते, तेव्हा आत ठेवायचा साधा थर्मामीटर घेऊन टाका. एअर फ्रायर असेल तर १९० ते २०० वर साधारण २२-२५ मिनिटं, एकावर एक रचायचे नाहीत, दोन वेळा हलवायचं, तयारी सगळी तीच.

तळणार असाल तर बेकिंग पावडर सोडून द्या, पण दोनदा तळा, कोरियन पद्धतीने. टिपलेल्या तुकड्यांवर कॉर्नफ्लॉवर किंवा पोटॅटो स्टार्च अगदी पातळ भुरभुरवा, झटकून टाका. मैदा मला आवडत नाही, लवकर मऊ पडतो. पहिल्यांदा १५०-१६० वर आठ-दहा मिनिटं, रंग नाही आला तरी काढायचे, जाळीवर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचे. तेवढ्या वेळात आतला ओलावा बाहेरच्या थरात येतो आणि १९० वर दोन-तीन मिनिटांच्या दुसऱ्या तळणीत तो उडून जातो, म्हणून हे विंग्ज जास्त वेळ कुरकुरीत राहतात. कढईत एकावेळी सहा-सातच, नाहीतर तेल थंड पडतं.

स्किनवाले मिळालेच नाहीत तर ओव्हनचा नाद सोडा आणि सरळ तळा. अंड्याचा पांढरा, मीठ, मिरपूड लावून वर कॉर्नफ्लॉवर आणि तांदळाचं पीठ निम्मं-निम्मं. छान होतात, पण ती वेगळी डिश.

आणि मसाला? तो सगळा नंतर. २२० वर तिखट आणि लसूण करपून कडू होतात हे एक कारण आहेच. ज्याच्यामुळे विंग्ज जगभर गेले तो बफेलो प्रकार बघा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात अँकर बारमध्ये १९६४ साली टेरेसा बेलिसिमो यांनी केला असं सांगतात (जॉन यंग नावाच्या तिथल्याच दुसऱ्या हॉटेलवाल्याचाही दावा आहे, त्यांचे विंग्ज मात्र पिठात घोळवलेले असायचे). अँकर बारच्या प्रकाराला ना मॅरिनेशन ना कव्हर, नुसते तळायचे आणि मग तिखट सॉस नि बटरमध्ये घोळवायचे, सोबत सेलरी आणि ब्लू चीजचं डिप. सगळी चव शेवटच्या मिनिटात. आपल्याकडे मी बटर वितळवून त्यात ठेचलेला लसूण जेमतेम परततो, गॅस बंद करून मालवणी मसाला नाहीतर काश्मिरी तिखट आणि थोडं व्हिनेगर घालतो आणि गरम विंग्ज मोठ्या पातेल्यात त्याच्याबरोबर उडवतो. बटरचा सॉस पातळ थरात बसतो, पाणचट शेजवान सॉस ओतला की पाच मिनिटांत सगळं सादळतं. मध किंवा गूळ हवा असेल तर तोही इथेच, आधी लावला तर जळतो.

पाहुणे दहा जण म्हणालात, म्हणजे तीन किलो तरी लागतील आणि मध्यम ओटीजीत जेमतेम एक किलो मावतं. तेव्हा दुपारीच तीन घाण्यांत पूर्ण भाजून घ्या, गार झाले की झाकून फ्रिजमध्ये ठेवा, आणि मंडळी आली की २२० वर आठ-दहा मिनिटं परत आत, तोवर सॉस तयार. गरम विंग्ज डब्यात भरून झाकण लावू नका, फॉइलसुद्धा नको, वाफ कोंडली की मेहनत गेली. घोळवायचेही लागतील तेवढेच, आणि लहान मुलांसाठी थोडे कोरडेच बाजूला काढा, वर चाट मसाला पुरतो.