टाके निघेपर्यंत कोन निघणार नाही

पाळीव प्राण्यांविषयीच्या या सदराकडे या वेळी बरीच पत्रे एकाच वस्तूबद्दल आली आहेत: ऑपरेशननंतर किंवा जखमेनंतर कुत्र्याच्या गळ्यात बसवतात तो प्लास्टिकचा कोन. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या राणीचं (गावठी, दोन वर्षांची, वजन 16 किलो) परवा नसबंदीचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून कोन घालूनच पाठवलं. घरी आल्यापासून ती डोकं खाली घालून कोपऱ्यात उभी राहते, मागे मागे सरकते, हाक मारली तरी हलत नाही. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला किती छळता, काढून टाका. निदान रात्रीपुरता काढला तर चालेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : रात्रीपुरता तर मुळीच काढू नका. दिवसा तुमचे लक्ष असते, तिलाही घरातल्या वर्दळीचा विरंगुळा असतो. रात्री सगळे झोपले की ती आणि तिचे टाके एवढेच उरतात. जखम भरू लागली की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खाज सुटते आणि कुत्रे चाटता चाटता पुढच्या दातांनी दोरा कुरतडू लागते. त्याला काही मिनिटे पुरतात. 'कुत्र्याच्या लाळेने जखम भरते' हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येते, पण ते धरून चालू नका. तोंडातले जंतू जखमेत जातात, सतत ओली राहिलेली कातडी मऊ पडते आणि टाका तिथूनच फाटतो. पोटाचे आतले टाकेही सुटले तर आतडे बाहेर येऊ शकते, आणि मग मध्यरात्री दवाखाना शोधत पळावे लागते. सासूबाईंची माया खरी आहे. त्यांना हे नीट समजावून सांगा, म्हणजे तुमची पाठ वळली की कोन निघणार नाही.

राणी रुसलेली नाही. तिला बाजूचे दिसेनासे झाले आहे, स्वतःच्या श्वासाचा आणि नखांचा आवाज कोनात घुमतो आहे, आणि कड कशाला तरी लागली की सगळे डोके हलते. मागे सरकणे म्हणजे त्या वस्तूतून बाहेर पडायची धडपड. पहिल्या रात्री भुलेचा अंमलही थोडा उरलेला असतो. बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत सावरतात. तोवर तिच्या शेजारी जमिनीवर बसा. आधी आवाज द्या, मगच हात लावा, कारण बाजूने येणारा हात तिला दिसत नाही. भाकरीचा किंवा उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा नाकासमोर, किंचित वर धरा. हनुवटी उचलून तिने एक पाऊल टाकले की लगेच द्या. मान वर ठेवून चालायला शिकली की कड जमिनीत रुतायची थांबते. दाराच्या चौकटीत कोन अडकला तर साखळी ओढू नका, कड हाताने अलगद उचलून द्या. जिना असेल तर उचलून न्या: एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांच्या मागून. पोटाखाली हात नको.

यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे माप तपासा, कारण गावठी कुत्र्यांच्या बाबतीत ते हमखास चुकते. त्यांची मान बारीक आणि तोंड लांब. दुकानात मानेच्या मापाने कोन निवडला की तो लांबीला तोकडा पडतो आणि कुत्रे वळून आरामात टाक्यांपर्यंत पोहोचते. नेहमीचा पट्टा जिथे बसतो तिथपासून नाकाच्या टोकापर्यंत टेपने मोजा. कोन त्याहून 3 ते 5 सेंटिमीटर पुढे आला पाहिजे. तोकडा असेल तर एक माप मोठा घ्या, मानेकडची दोन्ही टोके एकमेकांवर जास्त चढवून बटण किंवा पट्टी लावा आणि आतली कड कापसाच्या बँडेजने गुंडाळा. मान आणि कोन यांच्यामध्ये तुमची दोन बोटे सहज जावीत. तीन-चार जात असतील तर पुढच्या पंजाने ती तो काढून टाकेल. तळाच्या फटींतून नेहमीचा पट्टा ओवून तो गळ्यात बांधा, नुसत्या बटणांवर भिस्त ठेवू नका. शेवटी ती अंगाचे वेटोळे करून झोपेल तेव्हा शेजारी बसून पाहा, जीभ टाक्यांना लागते का. खरी परीक्षा तीच.

प्रश्न : आमच्या लॅब्राडॉरचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. आधीपासून सवय करता येते का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : येते, आणि हाताशी आठवडा असेल तर तो वाया घालवू नका. कोन आजच आणा. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटे, एवढेच. त्याहून लांबवले की कुत्रे कंटाळते आणि कोन दिसला की पळ काढू लागते.

पहिल्या दिवशी कोन नुसता जमिनीवर ठेवा, त्याच्या आत आणि भोवती खाऊ टाका. तो आपणहून तोंड घालू लागला की कोन दोन्ही हातांत धरा, रुंद बाजू तुमच्याकडे, अरुंद भोक त्याच्याकडे. पलीकडून भोकातून खाऊ दाखवा. नाक आत आले की द्या, मग डोळ्यांपर्यंत, मग कानांपर्यंत. तुम्ही त्याच्या डोक्यावर कोन चढवायचा नाही, त्याने डोके आत घालायचे. घाईत इथेच बिघडते: कान आत आले म्हटल्यावर लोक झटकन ओढून बटण लावून टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी कुत्रे पलंगाखालून निघत नाही. कान हाताने एकेक करून अलगद आत घ्या. मानेपर्यंत गेला की न बांधता पाच सेकंद ठेवून काढा, मग दहा, मग अर्धा मिनिट. तो निवांत असेल तेव्हाच बांधा आणि बांधल्या बांधल्या त्याचे जेवण द्या. बटणाचा 'टक्' आवाज कानाशी होतो, म्हणून तो आधी लांबून दोन-चारदा ऐकवा. शेवटच्या दोन दिवसांत कोन घालून घरभर फिरवा, पाणी प्यायला लावा, अर्धा तास झोपू द्या. एखाद्या टप्प्यावर अडला तर मागच्या टप्प्यावर या.

खाऊ म्हणून भाकरी, उकडलेले अंडे, गाजर, चिकन काहीही चालेल. भाकरीला आपली शेंगाचटणी लागलेली नसावी, तिच्यातला लसूण कुत्र्याला बाधतो. बेदाणे तर एकही नको.

प्रश्न : घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. पाण्याची पिंपं भिंतीला लावलेली, त्यावर कोन आपटून कुत्रा बिचकतो. ताटलीत तोंडच जात नाही, पाणी सांडतो. उन्हाळ्यात हे कसं निभवायचं?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : पिंपे सगळी एका भिंतीला घ्या आणि कुत्र्याच्या वाटेवर कोनाच्या व्यासाहून वीतभर जास्त जागा मोकळी ठेवा. कोन साधारण 40 सेंटिमीटर रुंद असेल तर 60 सेंटिमीटरची वाट पुरते. एवढी जागा निघत नसेल तर त्याला एकाच खोलीत ठेवा. दहा-बारा दिवस उड्या, जिना आणि पळापळ बंदच असते, त्यामुळे छोटी जागा त्याच्या पथ्यावर पडते. अंथरायला जुनी सोलापुरी चादर दुहेरी घाला, जाड गादी नको. गादीत कड रुतली की मान वाकडी होते.

जेवणाचे भांडे कोनाच्या तोंडापेक्षा लहान हवे, म्हणजे कोन त्याच्या भोवती टोपीसारखा बसतो. ते दोन विटांवर ठेवा. जमिनीवर ठेवलेल्या पसरट ताटलीला कड आधी टेकते आणि नाक वरच राहते. पाण्यासाठी जड, खोल भांडे घ्या आणि काठोकाठ भरा. निरोगी कुत्र्याला दिवसाला किलोमागे 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला एक ते सव्वा लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मोजून भरा, म्हणजे किती प्यायला ते कळेल. तरीही खाईना तर जेवणापुरता कोन काढा, पण साखळी हातात ठेवून, आणि शेवटचा घास गिळताच परत घाला. 'जरा फोन घेतो' एवढ्यात टाके जातात.

उन्हाची काळजी मनावर घ्या. कुत्रे धापा टाकून अंग थंड करते, आणि कोनामुळे तोंडासमोरची हवा कोंडते. सोलापुरात पारा 40 च्या वर गेला की पत्र्याखाली दुपारी 12 ते 5 ठेवू नका. शेजाऱ्यांची स्लॅबची खोली मिळाली तर ती बघा, नाहीतर पंखा जमिनीलगत समोरून लावा. कोनावर ओले फडके टाकू नका, हवा आणखी अडते. पंजे आणि कान ओल्या कापडाने पुसा, टाके कोरडे ठेवा. हिरड्या गडद लाल, लाळेच्या तारा आणि चालताना झोकांड्या दिसल्या तर ती उष्माघाताची लक्षणे आहेत: कोन काढा, अंगावर साधे पाणी घाला, वारा द्या आणि तडक दवाखाना गाठा. त्या घडीला टाक्यांचा विचार मागे ठेवावा लागतो.

प्रश्न : पगच्या डोळ्याला जखम आहे. कोनाऐवजी फुगवायचं रिंगण किंवा जुना टी-शर्ट चालेल का?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : डोळ्यासाठी दोन्ही नाही. फुगवलेले रिंगण मान वळू देत नाही एवढेच, पंजा डोळ्यापर्यंत जातोच आणि सोफ्याच्या कडेवर डोळा घासताही येतो. टी-शर्ट पोटाच्या टाक्यांसाठी उपयोगी आहे: पुढचे पाय बाह्यांतून घालून घेर पाठीवर गाठीने बांधायचा, ओला झाला की लगेच बदलायचा. कुत्रे कापडावरूनही चाटत असेल तर कोनच हवा. पगची मान जाड आणि नाक चपटे, म्हणून मानेला बसणारा कोन फार लांब होतो आणि चालताना जमिनीला लागतो. नाकापुढे 2-3 सेंटिमीटर राहील एवढा ठेवून बाकी कापा आणि कापलेल्या कडेला सर्जिकल टेपचे दोन वेढे द्या. पारदर्शक कोनच घ्या. पगला मुळातच श्वासाचा त्रास असतो, तेव्हा वरचे उन्हाचे पथ्य त्याला दुप्पट कडक पाळा. दुखते म्हणून घरातले पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कधीही देऊ नका. डोळ्यात थेंबसुद्धा डॉक्टरांनी दिलेलेच घाला. माणसांच्या डोळ्यांसाठी मिळणारे स्टेरॉइडचे थेंब अशा जखमेत बुबुळाचे कायमचे नुकसान करू शकतात.

प्रश्न : कोन नक्की कधी काढायचा? मानेखाली लाल झालं आहे.
– एक वाचक, सात रस्ता

उत्तर : कातडीचे टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. त्यानंतरही एक-दोन दिवस रात्री कोन ठेवा, दोऱ्याच्या भोकांना खाज सुटते. विरघळणारे टाके असतील तर दिवस स्वतः ठरवू नका, जखम डॉक्टरांना दाखवूनच काढा.

लाल होण्याचे कारण बहुधा आत साचलेले वरण-पाणी आणि ओल धरलेले बँडेज. रोज एकदा, कोणीतरी कुत्र्याला धरलेले असताना, कोन काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडा करून घाला. बँडेज बदला. मान सकाळ-संध्याकाळ केस बाजूला करून पाहा. नुसती लाली असेल तर पट्टा एक भोक सैल करा, दोन बोटांचे माप मात्र सोडू नका. कातडी ओलसर, चिकट किंवा वास येणारी झाली असेल तर त्यावर हळद-तेल लावत बसू नका, दवाखान्यात न्या. टाक्यांतून पू किंवा रक्त आले, सूज वाढली, किंवा कुत्र्याने 24 तास काहीच खाल्ले नाही, तर टाके काढायच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.