वाचक विचारतात: शंभर शब्दांची कथा, अहिराणी संवाद आणि मतांची भानगड

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर ज्या हौशी कथास्पर्धा चालतात, म्हणजे एक विषय द्यायचा, आठवडाभराची मुदत, कोणी शशक मागतं म्हणजे शतशब्दकथा, कोणी अलक म्हणजे अति लघु कथा, बक्षीस फारसं काही नसतंच, तर त्यात भाग घेताना तुमचं काय अडतं ते कळवा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. सगळी इथे मावणार नाहीत, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतोय.

चोपड्याहून एक गृहिणी विचारतात: माझी कथा अशी की अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक आईच्या औषधासाठी गुपचूप पैसे ठेवून जाते आणि सासरी आल्यावर तेच पैसे तिला पिशवीत सापडतात. पण लिहिता लिहिता अडीचशे शब्द झाले, मर्यादा शंभरची. काहीही काढलं तरी जीव जातो. काय काढू?

ताई, कथा फार चांगली आहे, ती शंभरात बसते, आणि बसली की जास्त लागते सुद्धा. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात सुरुवातीला ऊन आहे, मग जळगावच्या बसस्टँडवरची गर्दी, मग बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईशी गप्पा, मग माहेरचं अंगण, गौराईची गाणी, झोका. हे सगळं खरं आहे, आपल्याकडे अखाजी अशीच असते, पण तुमची कथा अखाजीची नाहीये, ती पैशांची आहे. लेक पैसे ठेवते आणि आई परत करते, एवढंच घडतं त्यात. त्यामुळे जे जे या दोन गोष्टींना हात लावत नाही ते बाजूला काढा, दुसऱ्या मोठ्या कथेसाठी जपून ठेवा, फेकू नका.

माझ्या मते कथा सासरी सुरू करा. साधारण असं: "सासरी पोचल्यावर तिनं पिशवी रिकामी केली. सांजोऱ्यांचा डबा, बिबड्यांची थप्पी. तळाशी आईच्या उशीखाली ठेवलेल्या नोटा, तिनंच लावलेल्या रबरासकट." झालं, तीन वाक्यांत माहेर पण आलं, अखाजी पण आली. आता उरलेल्या जागेत आईचा आजार किती आहे आणि लेकीची सासरची परिस्थिती कशी आहे हे एकेका वाक्यात दाखवा, म्हणजे त्या नोटा दोघींनाही किती लागत होत्या ते कळेल. आणि शेवटचं वाक्य, "आईची माया ही अशीच असते", ते मात्र कृपा करून काढा. वाचणाऱ्याला ते रबर दिसल्यावरच कळलेलं असतं, परत सांगितलं की त्याचा हात धरून नेल्यासारखं होतं.

अजून एक, शब्द मोजताना मराठीत आपला फायदा असतो तो बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. "उशीखाली", "औषधासाठी", "पिशवीमध्ये" हे एकेकच शब्द आहेत. पण बोलून टाइप केलं की मोबाईल कधी कधी "उशी खाली", "पिशवी मध्ये" असं तोडून टाकतो, शुद्धलेखन तर बिघडतंच आणि मोजणीत दोन शब्द धरले जातात. एकदा सगळं नीट जोडून घ्या, पाच-सात शब्द सहज सुटतील. शीर्षक मोजायचं की नाही हे आयोजकांना आधीच विचारून टाका, प्रत्येक ठिकाणी वेगळा नियम असतो.

शिरपूरहून एक कॉलेज विद्यार्थी: माझ्या कथेतली माणसं अहिराणी बोलतात. परीक्षक पुण्याचे नाहीतर कोल्हापूरचे असतात. मित्र म्हणतात प्रमाण मराठीत लिही नाहीतर बाद होशील. काय करू?

भाऊ, माणसं अहिराणी बोलत असतील तर अहिराणीच बोलू दे. शिरपूरच्या गल्लीतली आजी जर वर्तमानपत्रासारखं बोलायला लागली तर ती आजीच राहत नाही ना. फक्त निवेदन प्रमाण मराठीत ठेव आणि संवाद अहिराणीत, आणि संवादाच्या बाजूला अशी कृती ठेव की अर्थ आपोआप कळेल. उदाहरणार्थ, "माय, माले नही जानं," म्हणत पोरीनं दाराची चौकट घट्ट धरली. कोल्हापूरच्या माणसाला यात काय अडणार आहे? "तुना बाप कोठे शे?" हे तर उघडच कळतं. कंसात अर्थ देऊ नकोस, शंभर शब्दांत कंस म्हणजे रस्त्यात गतिरोधक.

आणि बोली एकच धर. खान्देशात एक बोली नाही हे तुला सांगायला नको, धुळ्या-नंदुरबारकडची अहिराणी, यावल-रावेरकडची लेवा गणबोली, सातपुड्यातली पावरी, सगळ्यांचा बाज वेगळा. दोन बोली एका माणसाच्या तोंडी मिसळल्या की आपल्याकडच्या वाचकाला लगेच खटकतं, आणि मला विचारशील तर तो वाचक परीक्षकापेक्षा महत्त्वाचा. लिहून झालं की घरात जे कोणी म्हातारं माणूस आहे त्याला मोठ्यानं वाचून दाखव, चुकलेला शब्द ते चटकन पकडतात. "शे" लिहायचं का "से" यावर वाद घालत बसू नकोस, तुमच्याकडे जसं बोलतात तसं लिही आणि कथाभर तेच ठेव.

बोलीमुळे वाचक तुटतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आपल्याकडे असोद्याच्या बहिणाबाई चौधरी आहेतच. लिहिता-वाचता येत नव्हतं, जे सुचलं ते लेवा गणबोलीत, ते मुलानं उतरवून ठेवलं, १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं, आज ते सबंध महाराष्ट्र वाचतो. तरी पण स्पर्धेच्या नियमात "फक्त प्रमाण भाषा" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर तिथे ही कथा पाठवू नको, दुसरी पाठव. ही कथा बदलू नकोस.

भुसावळहून एक निवृत्त रेल्वे कर्मचारी: आमच्या ग्रुपमध्ये वाचकांच्या मतांवर नंबर काढतात. ज्याचे नातेवाईक जास्त त्याचा पहिला नंबर. माझा कधीच येत नाही. भाग घेणं बंद करावं का?

काका, बंद करू नका. तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, उघड मतदानात ओळखीचीच मतं जास्त पडतात आणि ज्याच्या फोनमध्ये चारशे नंबर तो जिंकतो. यावर उपाय आहे तो आयोजकांना सुचवा: कथा नावाशिवाय टाकायच्या, आयोजकांपैकी एकालाच नावं माहीत, आणि मत द्यायचं तर किमान तीन कथांना द्यायचं आणि प्रत्येकीबद्दल एक ओळ लिहायची. ओळ लिहायची म्हटलं की न वाचता मत देणारे आपसूक गळतात. तोपर्यंत तुम्ही एक करा, निकाल लागल्यावर ज्यांची कथा तुम्हाला मनापासून आवडली अशा दोन-तीन जणांना वेगळा मेसेज करून नेमकं काय आवडलं ते सांगा. तेच लोक पुढच्या वेळी तुमची कथा लक्ष देऊन वाचतील आणि खरं काय ते सांगतील, आणि असे दोन वाचक मिळाले तर पहिल्या नंबरापेक्षा ते कितीतरी मोठं आहे, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

शहाद्याहून एक शिक्षिका: एका स्पर्धेत ५०० रुपये फी मागितली, निवडलेल्या कथांचं पुस्तक काढणार म्हणाले, आणि फॉर्ममध्ये "कथेचे सर्व हक्क आयोजकांकडे" अशी ओळ होती. भरू का?

मॅडम, ती ओळ काढून द्यायला तयार नसतील तर भरू नका. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, १९५७ चा कायदा, स्वतःहून लिहिलेल्या कथेचा पहिला मालक लेखकच असतो, त्यासाठी कुठे नोंदणी करायची सुद्धा सक्ती नाही. लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं तो हक्क चालतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे ग्रुपवर नुसती कथा टाकली म्हणून ती कोणाची होत नाही, पण फॉर्मवर सही करताना डोळे उघडे ठेवा. त्यांना म्हणा, या एका पुस्तकात छापायची परवानगी देते, बाकी हक्क माझ्याकडे. चांगले आयोजक लगेच हो म्हणतात. आणि दिवाळी अंकांना बहुतेक वेळा अप्रकाशित कथाच हवी असते, सगळ्यांसमोर ऑनलाइन टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशितच धरतात, तेव्हा जी कथा अंकासाठी राखून ठेवायची ती स्पर्धेत टाकू नका.

जामनेरहून एक वाचक: विषय "बंद घर" होता. माझ्यासारखीच कथा दुसऱ्यानं लिहिली. चोरी म्हणायची का?

एवढ्यावरून नाही. एकच विषय मिळाला की मुलं शहरात गेली, म्हातारी एकटी, कुलूप, हे दहा जणांना सुचतंच. कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, वाक्यंच्या वाक्यं तीच असतील तर मात्र आयोजकांना दोन्ही मजकूर दाखवा, ग्रुपवर भांडण नको. पुढच्या वेळी विषय मिळाला की सगळ्यात आधी जे सुचेल ते सोडून द्या, दुसरं-तिसरं सुचलेलं लिहा.

चाळीसगावहून एक तरुण: आमच्या तालुक्यातल्या मुला-मुलींची अशी स्पर्धा आम्हालाच सुरू करायची आहे. पैसे नाहीत, नावाजलेले परीक्षक पण नाहीत. चालेल का?

का नाही चालणार! अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून अंक काढायचे, वाचणारी तीच मुलं. तुमच्याकडे तर मोबाईल आहे. सुरुवातीला वीसच कथा घ्या, कारण प्रत्येक कथेवर तुम्हाला दोन-तीन ओळी लिहायच्या आहेत, कुठे रंगली आणि कुठे ढिली पडली, आणि ते झेपेल एवढंच घ्या. नुसतं "छान", "मस्त", अंगठा, यानं लिहिणाऱ्याला काही मिळत नाही. जो कथा देईल त्यानं बाकीच्यांच्या पाच कथा वाचून मत द्यायचंच, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. विषय आपल्याकडचे द्या, केळीच्या बागेत वादळानंतरची सकाळ, भुसावळ स्टेशनवर चुकलेली गाडी, कानबाईच्या सणाच्या रात्री घरी न आलेला माणूस, म्हणजे मुलं पाहिलेलं लिहितील. मुदत रात्री बाराची ठेवू नका, तेव्हा नेमकी लाइट जाते नाहीतर नेट जातं, रविवारी दुपारी चारची ठेवा. मोबाईलवर कथा कॉपी होताना जोडाक्षरं बिघडतात, तेव्हा पाठवलेली कथा लेखकाला एकदा उलट पाठवून "बरोबर आहे ना" विचारून घ्या. विषय ठरला की आम्हालाही कळवा, चोपड्याच्या ताई आणि शिरपूरचा भाऊ दोघांनाही तो पोचवतो.