“ते काही बोलतच नाहीत हो”

नोव्हेंबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे कुणाची बायको असते, कुणाची आई, एकदा तर सोळा वर्षांची मुलगी होती. वाक्य मात्र ठरलेलं: “ते काही बोलतच नाहीत हो. त्यांना बोलतं कसं करू?” गेल्या दिवाळीत हेच वाक्य कोरेगावहून आमच्या वहिनींच्या तोंडून ऐकलं आणि म्हटलं, आता एकदा नीट लिहूनच काढावं.

मी चौदा वर्षं कॅनडात, सस्कॅचवानमध्ये समुपदेशन करते. हा सगळा प्रेअरीचा सपाट मुलूख. भारत जी मसूर आयात करतो, तिच्यातला मोठा वाटा इथे पिकतो. माझ्याकडे येणारे बरेच जण अफगाणिस्तानात लढून आलेले आणि आता वडिलांची शेती कसणारे. कॅनडाचे चाळीस हजारांहून जास्त सैनिक तिकडे जाऊन आले. १५८ जण गेले ते गेलेच.

हे फोन नोव्हेंबरातच का येतात, याचं उत्तर मी पहिली काही वर्षं चुकीचं देत होते. ११ नोव्हेंबरला इथे हुतात्म्यांचं स्मरण होतं, कोटावर लाल पॉपी लावतात. जखमा तेव्हा उघड्या पडत असतील, असं मला वाटायचं. खरं कारण साधं निघालं. कम्बाइन, म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र, तेव्हा शेडमध्ये जाऊन उभं राहतं. मे महिन्यातल्या पेरणीपासून सुगी संपेपर्यंत माणूस चौदा-सोळा तास राबतो, डोक्याला उसंत नसते. मग बर्फ पडतं, पारा उणे तीसवर जातो आणि तोच माणूस पाच महिने घरात. उन्हाळ्यात ‘बरा’ असलेला नवरा खरं तर बरा नसतो, कामात असतो.

ज्याची गोष्ट सांगते आहे, तो पंचेचाळिशीचा. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, दोन-तीन घरं एकात मिसळलीत. कंदहार प्रांतात दोनदा राहून आलेला. बायको आधी एकटीच आली.

“गावातल्या कॉफीला जाणं बंद केलंय,” ती म्हणाली. इथे गावोगाव शेतकरी सकाळी कॉफीला जमतात, आपल्याकडे पारावर बसतात तसे. त्याला ‘कॉफी रो’ म्हणतात. तिथे जाणं सोडलं म्हणजे गाव सोडल्यासारखंच. “आणि गाडी! मुरमाच्या रस्त्यावर मधोमध चालवतात. आम्ही मागच्या गाडीत असलो तर रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीपाशी थांबतात, खाली उतरून बघतात. मुलं हसतात आता. मी चिडते. मग दोन दिवस घरात शब्द नाही.”

तो आला तो तिच्या आग्रहाखातर. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. मी नवशिक्यासारखी चूक केली. म्हटलं, “कंदहारबद्दल सांगाल?”

“कुठलं कंदहार? एक आपल्याकडेच आहे की, सोळा नंबरच्या महामार्गावर.”

खोटं नव्हतं ते. १८८० च्या कंदहारच्या लढाईवरून नाव मिळालेली एवढीशी वस्ती इथे खरोखरच आहे. मी हसले, तोही हसला आणि दार बंद झालं. पुढच्या दोन बैठका आम्ही पावसावर बोललो.

या लोकांसाठी एक शब्द फार उपयोगी पडतो. रवांडाहून परतलेले कॅनडाच्या सैन्यातले एक अधिकारी, स्टेफान ग्रेनिए, यांनी ‘आजार’ बाजूला ठेवून ‘इजा’ हा शब्द रुजवला. कामावर झालेली इजा. शेतकऱ्याला हे लगेच कळतं, कारण यंत्रात बोट गमावलेला एखादा तरी शेजारी प्रत्येकाला असतो. मीही तो शब्द वापरला. त्याने मान हलवली, इतकंच.

चौथ्या वेळी मी प्रश्न बदलला. माझा एक जुना विश्वास आहे, सहकारी त्यावरून चिडवतातही: विचित्र वाटणारी सवय मोडायच्या आधी ती कशाची राखण करते आहे, ते विचारावं. म्हटलं, “मला एक शिकवा. मोरी तपासायची कशी?”

तो खुर्चीत सरसावून बसला. पंचवीस मिनिटं बोलला. माती नुकती उकरलेली दिसते का. तार कुठे डोकावते का. रोज खेळणारी पोरं आज रस्त्यावर का नाहीत. मोरीच्या तोंडाला जाळी असेल तर ती हललेली आहे का. गाडी मधोमध का चालवायची, तर स्फोटकं बहुधा कडेला पुरलेली असतात म्हणून. टेबलावरच्या पेनांचा त्याने ताफा केला. शेवटी एक पेन हातात धरून गप्प झाला.

मी काही बोलले नाही. एवढी एकच गोष्ट मी त्या दिवशी बरोबर केली, असं मला वाटतं.

“पुढची गाडी माझी होती,” तो म्हणाला. “मी उतरून बघितलं. ठीक आहे, म्हणालो. स्फोट मागच्या गाडीखाली झाला.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही सगळे, मीसुद्धा, त्याला घाबरलेला समजत होतो. घाबरलेला माणूस स्वतःला वाचवतो. हा तर एकटा असताना मोरीवरून बेधडक जायचा, हे त्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी नुसतं लिहून घेतलं होतं. तो थांबायचा ते मागे कुणी असेल तेव्हाच.

पुढच्या वेळी दोघं एकत्र आली. त्याने हे तिला सांगितलं, माझ्याकडे बघत. ती बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, “म्हणजे तुम्ही आम्हाला राखत होतात.” आणि मग, अगदी घरगुती सुरात, “मग मलाही शिकवा. दोघं मिळून बघू.”

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. श्रेय तिचं. हल्ली ती मागच्या गाडीतून फोनवर सांगते, “मी बघितली, चला.” तो बहुतेक वेळा चालतो. रात्री अजूनही मधोमध चालवतो. झोपेसाठी डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, ते माझं काम नाही.

तर विचारणाऱ्यांना मी आता हे सांगते. “तिकडे काय झालं?” हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर त्यांनाच सापडलेलं नसतं. ते काम कसं करतात, ते विचारा. समोरासमोर बसवून विचारू नका. कम्बाइनमध्ये चालकाशेजारी एक छोटी सीट असते, तिथे बसा. दोघांची नजर पिकावर असली की जीभ सैल होते. हिवाळ्यासाठी ऑक्टोबरातच काहीतरी काम काढून ठेवा: वेल्डिंग, कर्लिंग या बर्फावरच्या खेळाचं मैदान, शेजाऱ्याचा बिघडलेला ट्रॅक्टर. आणि एका बाबतीत मात्र सबुरी नको. ‘मी नसलेलाच बरा’ अशी भाषा आली, दारू वाढली, वस्तू वाटून टाकणं सुरू झालं, तर स्पष्ट विचारा, “जीव द्यायचा विचार येतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. घरात बंदूक असेल तर ती विश्वासातल्या माणसाकडे ठेवायला द्या. कॅनडात ९८८, भारतात टेलि-मानस १४४१६, दोन्हीकडे रात्री-अपरात्रीही फोन लागतो.

वहिनींना एवढंच म्हटलं, की दादांना सियाचीनमध्ये चहा कसा करायचे ते विचारा. दादा हवालदार म्हणून निवृत्त झालेत, नऊ वर्षांत चौकीबद्दल घरात चकार शब्द नाही.

पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन. “ताई, बर्फ कुठून खणायचा, रॉकेलचा स्टोव्ह कसा पेटवायचा, पाणी व्हायला किती वेळ लागतो, सगळं सांगितलं. रात्री साडेअकरापर्यंत!”

“छान झालं की.”

“छान काय? आता रोज सांगतात. काल दूधवाल्याला पण सांगितलं. थांबवू कसं?”