स्ट्रोकमुळे वाचा गेलेल्या माणसाला कृतींचे व्हिडिओ दाखवले तर बोलणं सुधारतं का?

थोडंफार सुधारतं, पण मुख्यतः क्रियापदांपुरतं. ‘कापणं’, ‘ओतणं’, ‘चालणं’ असे अडलेले शब्द आठवायला मदत होते. यामागची कल्पना अशी की दुसऱ्याची कृती नुसती पाहतानाही मेंदूतला हालचालींचा भाग जागा होतो आणि कृतीचा शब्द त्याच भागाशी जोडलेला असतो. गंमत म्हणजे २०१२ च्या एका इटालियन अभ्यासात चालण्यासारख्या, माणसाला जमणाऱ्या कृती पाहून वाचाघाताच्या रुग्णांना फायदा झाला. भुंकण्यासारख्या प्राण्यांच्या कृती पाहून मात्र नाही. पण असे अभ्यास मोजक्याच रुग्णांवर झालेत. त्यामुळे नुसता व्हिडिओ लावून देऊ नका. स्पीच थेरपिस्टच्या नेहमीच्या सरावाला जोड म्हणूनच वापरा.