जपानी म्हणी इंग्रजी अर्थावरून शिकाव्यात का?

तुम्ही विचारलंय की जपानी म्हणी इंग्रजी अर्थासकट पाठ आहेत, तरी बोलताना भलत्याच ठिकाणी वापरल्या जातात, असं का होतं? तुमच्या पाठांतरात काही खोट नाही. इंग्रजी अर्थातून म्हणीचं सार कळतं, पण ती कोणी कोणाला म्हणायची हे कळत नाही.

'सारु मो की कारा ओचिरु' घ्या. माकडसुद्धा झाडावरून पडतं. पुस्तकात समोर छापलेलं असतं, 'एव्हरीबडी मेक्स मिस्टेक्स'. पण ही म्हण ऐऱ्यागैऱ्याच्या चुकीला लागत नाही. कामात मुरलेला माणूस चुकला तरच ती शोभते, आपल्या 'पट्टीचा पोहणाराच बुडतो'सारखी. मी पुण्यात दुभाषी म्हणून काम करते. एका बैठकीत जपानी साहेबांची आकडेमोड चुकली, तेव्हा आपल्याकडच्या एका तरुण इंजिनिअरने सावरून घ्यायला हीच म्हण टाकली. सगळे एकदम गप्प. साहेबांना माकड म्हटल्यासारखं झालं ना ते! मोठ्या माणसाला म्हणायचं ते 'कोबो मो फुदे नो आयामारि': कोबोंचाही कुंचला चुकतो. कोबो म्हणजे बौद्ध आचार्य कूकाई (774–835), सुलेखनात नावाजलेले. क्योतोच्या ओतेनमोन दरवाजाची पाटी लिहिताना त्यांच्याकडून एका अक्षराचा ठिपका राहून गेला, अशी आख्यायिका आहे. अर्थ तोच, पण समोरच्याचा मान राहतो.

काही म्हणींना तर इंग्रजीचा वळसा घ्यायची गरजच नाही. 'उमा नो मिमि नि नेन्बुत्सु', म्हणजे घोड्याच्या कानात नेन्बुत्सु. नेन्बुत्सु हा 'नामु आमिदा बुत्सु' असा नामजप. त्यातला 'नामु' म्हणजे आपला 'नमो', 'आमिदा' म्हणजे अमिताभ, 'बुत्सु' म्हणजे बुद्ध. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता! त्यांचा घोडा, आपलं गाढव. हे एकदा जुळलं की म्हण विसरणं शक्य नाही.

'देरु कुइ वा उतारेरु' इंग्रजीत 'वर आलेला खिळा ठोकला जातो' अशी फिरते. पण खिळ्याला जपानीत 'कुगि' म्हणतात. 'कुइ' म्हणजे जमिनीत रोवलेला खुंट. रांगेत एकच खुंट वर डोकावला की त्यावर घण बसतो.

आणि 'नासाके वा हितो नो तामे नाराझु'. इथे 'वन गुड टर्न डिझर्व्ज अनदर' देतात, पण त्यात उपकाराची परतफेड आहे. मूळ म्हणीत दया केवळ दुसऱ्यासाठी नसते, फिरून आपल्याकडेच येते. जुन्या व्याकरणामुळे जपानी लोकही इथे फसतात. तिथल्या सांस्कृतिक व्यवहार विभागाच्या 2010 सालच्या पाहणीत जवळजवळ निम्म्या लोकांनी 'दया दाखवणं समोरच्याच्या हिताचं नसतं' असा उलटा अर्थ सांगितला होता. त्यामुळे ही म्हण कानावर आली तर मागचं-पुढचं बोलणं ऐकूनच अर्थ लावा.